सूनबाईचा बोअर

तिसगाव, ता. पाथर्डी
९ फेब्रुवारी १९७४

प्रिय पुष्पा,

शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोरी घरी गेल्या, आणि मी वर्गातच बसून हे लिहिते आहे. घरी लिहायला बसलं की तुझे मामा समोर येऊन बसतात आणि "ह्ये बी लिव्ह, त्ये बी लिव्ह" असं चालू करतात. मग पत्र माझं राहत नाही, त्यांचं होतं. आजचं पत्र मला माझं हवं आहे. त्यांचा निरोप तेवढा आधी देऊन टाकते: ज्वारी कमरेच्या वर गेली आहे, कणसं भरली आहेत, आणि "सूनबाईला म्हणावं यंदाचा हुरडा तुला चुकायचा न्हाई." झालं त्यांचं.

शाळेत सध्या निम्म्या पोरी आहेत. ऊसतोडीला गेलेली माणसं होळीशिवाय परतायची नाहीत, आणि त्यांच्याबरोबर पोरीही गेल्या. पण गेल्या वर्षी या दिवसांत वर्ग भरलेला असायचा ते दुष्काळात शाळेत वाटायच्या सुकडीसाठी, आणि यंदा ज्या निम्म्या येतात त्या घरची भाकरी खाऊन येतात. मला हा निम्मा वर्ग चालेल. बोरमाळावरचा हातपंप दोनदा बिघडला. दुसऱ्यांदा दांडाच तुटला, तर तिथल्या वाडीतली झुंबरबाई स्वतः पाथर्डीला पंचायत समितीत जाऊन बसली आणि मेकॅनिकला जीपमध्ये बसवून घेऊनच आली. पाऊस भरपूर झाला, विहिरींना पाणी आहे, तरी बाया प्यायचं पाणी तिथूनच नेतात. "सूनबाईच्या बोअरचं पानी ग्वाड हाय" म्हणतात. परवा एस.टी.चा नवा कंडक्टर विचारत होता, सूनबाईचा बोअर हा स्टॉप आहे का. मी म्हटलं, अजून नाही, पण होईल.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा बोरमाळाला कुत्रंही विचारत नव्हतं. तू पाण्याच्या गावची, संगमनेरची, प्रवरेच्या काठावरची. लग्नानंतर पहिल्यांदा करंजीचा घाट उतरून आपली बस इकडे वळली तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. मला वाटलं, आता ही रडणार. हा फुफाटा, ही काळी दगडं बघून कुणीही रडलं असतं. तू मात्र मला विचारलंस, "आत्याबाई, हे थर कसे एकावर एक पायऱ्यांसारखे बसलेत, पाहिलंत का तुम्ही?" मी त्या घाटातून किती वर्षं ये-जा केली होती, पण थर काही पाहिले नव्हते. घरी आल्यावर मी कानिफला म्हटलं, तुझी ही बायको पुढे शिकणार, तू मध्ये येऊ नकोस. तो बिचारा म्हणाला, "मी कशाला मध्ये येऊ, मी तर पिंपरीच्या कारखान्यात आहे."

तू पुण्यात एम.एस्सी. झालीस, त्या संस्थेत लागलीस, पण तू नेमकं काय करतेस ते मला गावात सांगता येईना. भूभौतिकशास्त्र म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा कोरा व्हायचा. शेवटी मी सांगायला लागले, ती जमिनीची डॉक्टर आहे. त्यावर झुंबरबाई म्हणाली होती, "मंग तिला इचारा की, आपल्या जिमिनीला काय झालंय." हे दुष्काळाच्या पहिल्या वर्षातलं. दुसऱ्या वर्षी असं काही बोलायचीही कुणात ताकद राहिली नव्हती. जनावरं छावणीत, माणसं सरकारी कामावर खडी फोडायला, चुलीवर रेशनच्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. टँकर आला की बाया एकमेकींच्या अंगावर पडत. मी घंटा वाजवून शाळा सोडत असे, कारण टँकरचा हॉर्न ऐकून पोरी तशाही उठून पळत.

अशा दिवसांत, चैत्रातल्या उन्हात, गावात बोअरची गाडी शिरली. तुला तेव्हाचं सगळं माहीत आहे, पण तू गाडीत पुढे बसली होतीस; लोकांचे चेहरे मी पाहिले. खडीवरची माणसं हातोडे टाकून रस्त्याला आली. आबासाहेब सरपंच टोपी सारखी करत पुढे झाले. कुणीतरी नारळ आणला. सगळ्यांना वाटलं, सरकारनं पाण्यासाठी गाडी धाडली. आणि गाडीतून उतरली कोण, तर तुझ्या मामांची, गोरक्षनाथांचीच सून, डोक्यावर पदर, पायांत कॅनव्हासचे बूट. तू उतरल्या उतरल्या खरं सांगितलंस. मला त्या वेळी वाटलं होतं, दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, नारळ तरी फुटला असता. पण तू टाक्याच्या कट्ट्यावर उभी राहून म्हणालीस, "ही गाडी पाण्यासाठी आलेली नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

आणि मग तू त्यांना समजावलंस. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण आता मी चौथीच्या वर्गात तसंच सांगते. खोल विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की आवाज खाली जातो आणि तळाला आपटून वर येतो. किती वेळानं आला त्यावरून विहीर किती खोल ते कळतं. "मी जमिनीला अशी हाक मारणार आहे," तू म्हणालीस. हाक मारायची ती जिलेटिनच्या स्फोटानं, आणि ऐकायची ती इथून थेट कोकणच्या किनाऱ्यापर्यंत, वाटेत ठिकठिकाणी जमिनीत रोवलेल्या यंत्रांनी. जमिनीचं हे वरचं कवच किती जाड आहे, आणि समुद्राकडे जाता जाता ते कुठे पातळ होतं, हे अशा हाकेनं कळणार. कोण्या काळी आपल्या पश्चिमेला समुद्र नव्हता, दुसरी जमीन जोडलेली होती, ती फाटून दूर गेली, आणि फाटण्याआधी ती ताणली गेली असणार; त्या ताणाच्या खुणा आत खोल अजून असतील, त्या तुम्हाला शोधायच्या आहेत. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "फाटून गेली तर गेली, आता तिला बलावून काय करता?" सगळे हसले. पुष्कळ दिवसांनी गाव हसलं. नारळ कुणी फोडला नाही, पण तुमच्या गाडीला अडवलंही नाही.

खरा पेच पुढे आला. बोरमाळावर तुमचा पहिला बोअर चालू होता. त्या मशीनचा तो आवाज, आणि भोकातून वर उडणारी पांढरी धूळ वाऱ्यानं पार शाळेपर्यंत यायची. दुपारच्या सुट्टीत मी तुला भाकरी घेऊन आले होते. मी बघत होते आणि ती धूळ एकाएकी बसली. आधी ओलसर गोळे उडाले, मग चिखल, आणि मग पाणी, गढूळ, पण चांगलं मनगटाएवढं. गाडीवरचा छगन ऑपरेटर ओरडला, "म्याडम, पानी!" तुझ्या चेहऱ्यावर आधी जो आनंद आला तो मी पाहिला, आणि त्यामागून आली ती काळजीही पाहिली. मला तेव्हा कळलं नव्हतं की पाणी भरलेलं भोक तुमच्या स्फोटाला सगळ्यात चांगलं. पाण्यातून धक्का चांगला पोचतो. म्हणजे गावाला जे भोक जिवापाड हवं, तेच तुम्हालाही हवं.

झुंबरबाईला हे कुणी सांगितलं देव जाणे. ती आली ती घागर घेऊन आणि भोकाच्या तोंडाशी मांडी घालून बसली. तिच्या मागे सगळी वाडी. आबासाहेब म्हणाले, "बाई, सरकारी काम हाय, आडवता येत न्हाई." ती म्हणाली, "ह्या भोकात दारू भरायची आसंल तर आदी मला भरा."  तुमचे बरोबरचे दोघे साहेब जीपमध्ये जाऊन बसले. पोलीस बोलवावेत असंही एकाच्या तोंडून निघालं, मी ऐकलं. पुष्पा, तू माझी सून आहेस, आणि तो माळ, ती माणसं माझी आहेत. त्या क्षणी मी कुणाच्या बाजूला उभी राहायचं हे मला उमगेना. तीस वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून मला असं कधी झालं नव्हतं.

तू झुंबरबाईजवळ गेलीस आणि तिच्याशेजारी चिखलातच बसलीस. "मावशी, उठा. घागर भरून घ्या. या भोकात मी काहीही भरणार नाही." ती म्हणाली, "कशावरनं?" तू म्हणालीस, "माझं घर इथंच आहे. उद्या मला इथंच पाणी मागायचंय." ती उठली नाही लगेच. तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात पुढे केला, आणि तू तिला ओढून उभं केलंस.

त्यानंतर तू पोस्टात गेलीस, पुण्याला ट्रंक कॉल लावायला, आणि मी तुझ्याबरोबर आले. कॉल लागायला किती वेळ गेला! तोवर पोस्टाच्या ओट्यावर निम्मं गाव जमलं. तुझ्या साहेबांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, तुझंच येत होतं, कारण ओरडल्याशिवाय पलीकडे पोचत नव्हतं. "सर, त्या भोकात गावाचं पाणी आहे." मग पलीकडून साहेब बोलले असावेत. "हो सर, मला माहीत आहे तोच सगळ्यात चांगला आहे." मग पुन्हा साहेब. "वरच्या कातळात नवे बोअर घेऊ सर. पाणी नको, माती आणि वाळू ठासून स्फोट करू." मग तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "चालेल सर. नाही जमलं तर जबाबदारी माझी. हो, तसं लिहून देते." फोन ठेवलास. तू मला म्हणालीस, "आत्याबाई, हा स्फोट फसला तर इथून कोकणापर्यंतच्या यंत्रांच्या सगळ्या रांगेचं वर्षभराचं काम वाया जाईल. पुन्हा मला कुणी शेतावर पाठवणार नाही." शेतावर म्हणजे तुमच्या भाषेत फील्डवर, मोजणीच्या कामावर, हे मला माहीत होतं. पोस्टमास्तरांनी मात्र गावभर सांगितलं की सूनबाईला आता शेतावर जाऊ देणार नाहीत, आणि तुझे मामा माझ्यावर चिडले: "आपल्या शेतावर येयाला तिला कोन आडवतंय?"

पुढचे दिवस तू वरच्या कातळावर होतीस. छगननं आपला मुक्काम वाढवला. त्याची गाडी दुसरीकडे जायची होती, तरी तो म्हणाला, "म्याडम, तुमचं झाल्याबिगर हालत न्हाई." वाडीतली माणसं खडीचं काम संपवून संध्याकाळी वर यायची आणि वाळूच्या पाट्या वाहायची. कुणी बोलावलं नव्हतं. तू संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा तुझे केस, भुवया सगळं पांढरं झालेलं असायचं. तुझे मामा म्हणायचे, "आली म्हातारी." एक दिवस तू जेवतानाच मला सांगितलंस की स्फोट एक नाही, दोन आहेत. एक आपल्या माळावरचा, तो पश्चिमेकडची यंत्रं ऐकणार. आणि नंतर थोड्या वेळानं किनाऱ्याजवळ दुसरा, तो आपल्या माळावरची यंत्रं ऐकणार. तुला चिंता होती ती या दुसऱ्याची. कोकणातून इथे येईपर्यंत त्या हादऱ्याच्या लाटेत काही जीव राहत नाही. बाजूनं बैलगाडी गेली तरी ती बुडून जाईल, आणि इथे तर माळाच्या पायथ्याशी शेकडो हातोडे खडी फोडतायत. तू म्हणालीस, "त्यांना कसं सांगू काम थांबवा म्हणून? त्यांचं माप कमी भरेल, मजुरी कापली जाईल." मी भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर झुंबरबाईकडे गेले.

तुला वाटत होतं ते हातोडे आबासाहेबांनी थांबवले. नाही गं. आबासाहेबांनी फक्त मुकादमाला सांगितलं. बाकी सगळं झुंबरबाईनं आणि मी केलं. आम्ही दोघी खडीवरच्या एकेका टोळीत जाऊन बसलो. मी विहिरीची आणि हाकेची गोष्ट सांगायची आणि ती शेवटी म्हणायची, "तिनं आपलं पानी सोडलं. आपुन तिला थोडा वेळ गप बसून द्यायचं, येवढंच." त्या दिवशी माणसं उजाडायच्या आधीच कामावर आली, माप भरून काढायला. आणि ठरलेली वेळ जवळ आली तशी हातोडे एकामागून एक खाली गेले.

आपल्या माळावरचा स्फोट झाला तो मला पायांतून कळला. आवाज नंतर आला. कातळाच्या वर मातीचा खांब उभा राहिला आणि हळूहळू वाऱ्यावर कलला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवू दिल्या. पण खरं ते त्यानंतरचं. तू यंत्रांच्या बंद गाडीच्या दारातून हात वर केलास. झुंबरबाईनं खाली पायथ्याशी लाल लुगड्याचा पदर वर केला. आणि पुष्पा, सगळं थांबलं. शेकडो माणसं उन्हात बसलेली, हातोडे मांडीवर. बायांनी लेकरं छातीशी घेतलेली. रस्त्यावर पाथर्डीची एस.टी. आली होती, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि उतारूंना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. माझ्या शाळेतल्या पोरी, ज्यांना मी रोज छडी आपटून गप्प करते, त्या मातीत मांडी घालून अशा बसल्या होत्या की श्वाससुद्धा ऐकू येईना. दुष्काळ सुरू झाल्यापासून त्या माळावर इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. माझ्या मनात आलं, आता या घटकेला तिकडे समुद्राच्या काठावर जमीन हादरली असेल, आणि तो हादरा खाली, कुठल्या कुठे खोल जाऊन, तिथून वळून आपल्या पायांखाली येतोय. कोकणातून इथे यायला एस.टी.ला सबंध दिवस लागतो, आणि त्याला एक मिनिटही लागलं नाही.

तुम्ही लोक गाडीच्या अंधाऱ्या भागात शिरलात ते बराच वेळ बाहेर आलाच नाहीत. तो लांब कागद धुवायचा असतो, फोटोसारखा, हे आम्हाला काय ठाऊक. पुन्हा काम सुरू करा असं सांगायचं सगळेच विसरले होते, त्यामुळे माणसं तशीच बसलेली. मग तू बाहेर आलीस. दोन्ही हातांवर तो ओला कागद धरलेला, नवजात बाळाला धरावं तसा. जीपमधल्या साहेबांकडे न जाता तू सरळ माझ्याकडे आलीस. कागदावर सुतासारख्या सरळ रेघा होत्या, आणि एका जागी त्या सगळ्या एकदम थरथरल्या होत्या. "हा बघा आत्याबाई. हा कोकणातून आला." तुझ्या गालांवरची धूळ ओली झाली होती. तुझे मामा वाकून बघत होते. ते म्हणाले, "लई लांबून आलाय की गं. पानी तरी इचारा त्याला." तू हसायला लागलीस आणि मग तुला हसू थांबवता येईना. ते बघून खाली झुंबरबाई ओरडली, "आलं का गं?" मी हात वर केला. त्या माळावर जो गलका झाला, पुष्पा, तो तुमच्या सगळ्या यंत्रांनी नोंदवला असेल.

हे सगळं तुला माहीत असलेलंच मी का लिहीत बसले, असं तुला वाटत असेल. कारण गेल्या महिन्यात संगमनेरच्या कॉलेजात तू व्याख्यान दिलंस, आणि त्यात तू यातलं काही सांगितलं नाहीस. तू आकृत्या दाखवल्यास. आपल्या पायाखालचं कवच किती जाड निघालं ते सांगितलंस, सह्याद्री ओलांडून किनाऱ्याकडे जाताना ते कसं पातळ होत जातं ते सांगितलंस. मी आणि तुझे मामा तिसऱ्या रांगेत होतो. पुढच्या रांगेत तुझे वडील सारखे धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. तुझे मामा माझ्या कानात म्हणाले, "म्हंजी भाकरीवानी. थापत थापत नेली की कडंला पातळ व्हती आन् तिथंच चिरती." मी त्यांना गप्प केलं, आणि नेमकं त्याच वेळी तू फळ्यापाशी उभी राहून भाकरीचंच उदाहरण दिलंस. ते अजून सगळ्यांना सांगत फिरतात की हे सूनबाईला त्यांनी शिकवलं. शेवटी तुझे मोठे साहेब उठले. पोस्टातल्या फोनवरचे ते हेच, म्हणून मी जरा सरसावून बसले. ते म्हणाले, "या रांगेतली सगळ्यात स्पष्ट नोंद ज्या ठिकाणची आहे तिथलं काम पुष्पावतीबाईंनी माझ्या सांगण्याविरुद्ध केलं होतं. बरं झालं केलं." सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरायच्या निमित्तानं मान खाली घातली. इतक्या वर्षांत किती पोरी माझ्या हाताखालून गेल्या, किती जणींचं कौतुक मी स्टेजवरून केलं. पण माझ्या घरातल्या मुलीबद्दल दुसरा कुणी उभा राहून बोलतोय आणि मी खुर्चीत बसून ऐकतेय, हे सुख मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी तेच साहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, जमिनीवरचं काम झालं, पण ही अर्धीच गोष्ट आहे. कवच फाटलं ते समुद्रात. उरलेली अर्धी तिथे आहे." मार्चमध्ये मुंबईहून रशियन जहाज निघतंय, त्यावर तुमच्या संस्थेची एकच जागा आहे, जहाजावर दोन बाया शास्त्रज्ञ आधीच आहेत म्हणून अडचणही नाही, आणि ती जागा तुलाच द्यायची त्यांची इच्छा होती, असं ते म्हणाले. होती, असं म्हणाले. तू 'घरची अडचण' सांगून नाही म्हणालीस. मी हसून म्हटलं, हो का, आणि कप खाली ठेवला. तू तिकडे विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होतीस. मी तुला तिथे काही विचारलं नाही. मला आधी जाणून घ्यायचं होतं की ही अडचण कोण आहे.

कानिफ मागच्या आठवड्यात आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "आमची छबी लहान आहे, माझी शिफ्ट बदलत असते, शेजारच्या काकू गावी राहायला गेल्या. छबीला इकडे ठेवावं तर तिची बालवाडी आत्ताच सुरू झालीय, आणि जरा काही झालं की डॉक्टरसाठी पाथर्डी गाठायची. ती नाही म्हणाली. मी काही बोललो नाही." मी म्हटलं, काही बोललो नाही म्हणजे काय? मध्ये येऊ नकोस म्हटलं होतं, गप्प बस नव्हतं म्हटलं. मग हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतं आईला विचारू. ती म्हणाली, आत्याबाईंची शाळा, मामांची शेती, त्यांनी आजवर किती केलंय, आता आणखी कोणत्या तोंडानं मागू?" पुष्पा, तू झुंबरबाईला चिखलात बसून म्हणाली होतीस की हे माझं घर आहे, मला इथंच पाणी मागायचंय. परक्या बाईला हे म्हणता आलं आणि मला म्हणता आलं नाही? मला राग आला होता. तो दोन दिवस टिकला. मग मी तालुक्याला जाऊन आले.

माझी रजा मंजूर झाली. शाळेला लागल्यापासून मी लांबची रजा कधी घेतलीच नव्हती, त्यामुळे शिक्षणाधिकाऱ्यांकडे काही बोलायला जागा नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्हाला काय झालंय?" मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, माझ्या सुनेला समुद्रावर जायचंय. ज्वारीची काढणी छगन बघणार आहे. बोअरची गाडी सोडून तो आता वाडीतच राहतो, आणि मामांनी त्याला खळ्यापर्यंतचं सगळं नीट सांगून ठेवलंय. पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, आम्ही दोघं नगरवरून दुपारच्या गाडीनं पुण्याला येतो आहोत. मामा आत्तापासूनच विचारतायत की तुमच्या चाळीत रात्री बाहेर बाज टाकू देतात का. छबीला सकाळी बालवाडीत ते सोडतील, दुपारी मी आणेन, संध्याकाळी तिला अ, आ, इ मी शिकवेन. मला वर्गाशिवाय करमणार नाही. तू सोमवारी साहेबांकडे जा. दुसऱ्या कुणाला जागा दिली असेल तर तेही सांगतील, पण मला नाही वाटत त्यांनी दिली असेल. ते माझ्याजवळ उगाच आले नव्हते. त्यांना सांग की माझ्या घरी अडचण नाही. माझ्या घरी माणसं आहेत.

तुझीच,
आत्याबाई